चढावर टिकणारं पॅड

पुण्याच्या टेकड्यांवर सायकलवरून पडणं हे फार मोठं प्रकरण नसतं, पण अगदीच किरकोळही नसतं. खाली बेसॉल्टचा कातळ, त्यावर झिजून सुटा झालेला मुरूम आणि त्यात अर्धे रुतलेले कोनेदार दगड. वळणावर पुढचं चाक मुरमावरून सरकलं की सायकल आडवी होते आणि तिच्याबरोबर आपणही कुशीवर येतो. वेग बेताचा असतो, त्यामुळे हाड सहसा वाचतं. गुडघ्याची बाहेरची बाजू आणि कोपर मात्र सोलवटून निघतं. बारीक खडे जखमेत जाऊन बसतात आणि ते चिमट्याने काढताना पडण्यापेक्षा जास्त कळ येते. शिवाय गुडघ्यावरची खपली ही एक वेगळीच पीडा. जिना उतरताना, जेवायला मांडी घालून बसताना, पूजेला बसताना ती ताणली जाते आणि पुन्हा चिरते.

मी माउंटन बाइक घेतली ती चाळिशी उलटल्यावर. सकाळी उजाडायच्या सुमारास पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडीवर चढायचं, खाणीला वळसा घालायचा आणि फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढायच्या आत एखाद्या पायवाटेने खाली यायचं, हा आठवड्यातला नेम. सुट्टीच्या दिवशी गटाबरोबर सिंहगडाच्या किंवा मुळशीच्या बाजूला. आमच्या गटात हेल्मेट सगळेच घालतात. त्यावर वाद नाही. गुडघ्या-कोपरांच्या पॅडबद्दल मात्र जो तो वेगळं बोलतो, आणि बहुतेकांची पॅड घरी कपाटात असतात. कारण विचारलं की उत्तर एकच: “काचतात हो.”

ते खोटं नाही. काचतात. आणि जे काचतं ते माणूस काढून ठेवतो. पॅडच्या बाबतीत माझं मत शेवटी इथेच येऊन ठरलं: ते किती जाड आहे हा दुसरा प्रश्न, चढ संपेपर्यंत ते अंगावर ठेववतं का हा पहिला. उलट क्रमाने विचार केला की पैसे जातात आणि गुडघे उघडेच राहतात.

इथे आपल्या टेकड्यांचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. परदेशातल्या बाइक पार्कमध्ये सायकल पाळण्याला टांगून वर नेता येते. तिथला माणूस जाडजूड पॅड घालून फक्त उतरतो. आपल्याकडे वर न्यायला कोणी नाही. अर्धा-पाऊण तास दम काढत चढायचं, तेव्हा कुठे पाच-सात मिनिटांचा उतार वाट्याला येतो. एप्रिल-मेमध्ये तर सकाळी आठलाच ऊन चटके देऊ लागतं. म्हणून परदेशी सल्ला जसाच्या तसा घेतला की तो इथे चालत नाही. या खेळाची सुरुवात ज्यांनी केली, त्या कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातल्या मंडळींचं तर पॅडशी काही नातंच नव्हतं. 1976 पासून ते माउंट टॅमलपायसजवळच्या एका उतारावर जुन्या जड सायकलींच्या शर्यती लावत आणि अंगात असायची जीनची पँट, जाड शर्ट, फार तर कातडी हातमोजे. त्या शर्यतीला ‘रिपॅक’ म्हणत, कारण उतरून येईपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. ब्रेकची एवढी काळजी घेणाऱ्यांनी गुडघ्याचीही थोडी घ्यायला हरकत नव्हती, असं मला वाटतं. पण तेव्हा सायकलसाठी म्हणून केलेलं पॅड होतंच कुठे?

आता आहे, पण आपल्या बाजारात ते शोधावं लागतं. दुकानात जाऊन गुडघ्यासाठी काहीतरी द्या म्हटलं की भलत्याच चार वस्तू समोर येतात. मेडिकलच्या दुकानात मिळते ती नी-कॅप. ती सांध्याला आधार देते, ऊब देते, पण तिच्यात गादी नसते. दगडावर आपटलं तर नुसतं कापड मध्ये. खेळाच्या दुकानात व्हॉलीबॉलची पॅड मिळतात. पुढून जाड स्पंज, बाजूला काही नाही, आणि वरचं कापड लाकडी कोर्टासाठी केलेलं, मुरमावर पहिल्याच घसरणीत फाटणारं. तिसरी वस्तू म्हणजे मुलांच्या स्केटिंगचा संच, प्लास्टिकच्या वाट्यांचा. त्याचा विचार वेगळा आहे. स्केटिंग करणारा गुळगुळीत सिमेंटवर पडतो, तिथे कडक वाटी घसरत जाते आणि झटका कमी होतो. युरोपात या साहित्याचं मानकही स्वतंत्र आहे, ईएन 14120. सायकलवर मात्र ती वाटी प्रत्येक वळणाला फ्रेमच्या दांडीवर टकटक आपटते आणि पाच मिनिटांत नडगीवर उतरून बसते.

चौथी वस्तू मोटरसायकलवाल्यांची. माझ्या भाच्याकडे बुलेटवर लडाखला जाताना घेतलेली अशी एक जोडी होती. कडक कवच, नडगीपर्यंत लांब, मागे रुंद वेल्क्रोचे पट्टे. दिसायला भक्कम. “मावशी, ही घालून तू दगडावर उडी मारलीस तरी काही होणार नाही,” असं म्हणून त्याने ती दिली. उडी मारायची वेळ आली नाही. पहिल्या चढावरच गुडघ्याच्या लवणीत पट्टा रुतायला लागला, घाम कवचाखाली साठला आणि खाणीपाशी पोहोचून काढून बघते तर दोन्ही पायांवर लालभडक वळ. यात पॅडचा दोष नाही. मोटरसायकलवर गुडघा वाकवून ठेवायचा असतो, हलवायचा नसतो.

सायकलवर तो सतत हलतो, आणि किती हलतो याचा हिशेब केल्याशिवाय पॅड निवडता येत नाही. हलक्या गिअरवर चढताना पेडल मिनिटाला साठ-सत्तर वेळा फिरतं. म्हणजे तासाला प्रत्येक गुडघा 4000 च्या आसपास वेळा वाकतो आणि उघडतो. पेडल खाली असताना तो जवळजवळ सरळ होतो, वर आलं की काटकोनापेक्षाही जास्त दुमडतो. दर वेळी पुढची कातडी ताणली जाते आणि मागे लवणीत कापडाची चुणी पडते. एखादी जाड शिवण, उलटी दुमडलेली किनार, वेल्क्रोचं एक टोक, काहीही असो, ते चार हजार वेळा त्याच जागी घासतं. माझ्या लवणीत पुरळ उठलं होतं ते एवढ्याशा शिवणीने; बाकी पॅड उत्तम होतं.

तेव्हापासून मी पॅड हातात घेतलं की आधी उलटं करते. दुकानदाराला वाटतं ही बाई किंमत शोधतेय. मी बोट फिरवून बघते: लवणीच्या जागी शिवण आहे का, असेल तर सपाट आहे का, तिथलं कापड जाळीचं आणि पातळ आहे का. काही पॅडना मागे मोठी मोकळी जागाच सोडलेली असते, तेही चांगलं. दुसरं म्हणजे पॅडचा आकार. ते टेबलावर ठेवल्यावर सपाट पडत असेल तर ते उभ्या माणसासाठी केलंय. चांगलं पॅड टेबलावर ठेवलं तरी वाकलेलंच असतं.

मग घालून बघायचं, आणि उभं राहून नाही. उभ्याने सगळीच पॅड बरी वाटतात. माझी कसोटी अगदी देशी आहे: उकिडवं बसायचं. आपल्याला जन्मापासून येतं ते. उकिडवं बसल्यावर गुडघा पेडलवर दुमडतो त्याहूनही जास्त दुमडतो, त्यामुळे लवणीत काय जमा होतं ते लगेच कळतं. मग उठायचं, पुन्हा बसायचं, थोडा वेळ असंच. पॅड गुडघ्याच्या वाटीवरून सरकलं का, वरची कड मांडीत रुतली का, खालची कड पोटरीवर गोळा झाली का? एका दुकानातला मुलगा माझा हा उद्योग बघून म्हणाला, “मॅडम, खुर्ची देऊ का?” मी म्हटलं, दे. कारण खुर्चीवर बसून एक पाय पेडल मारल्यासारखा फिरवून बघायचाच होता.

आता गादीबद्दल. सायकलच्या चांगल्या पॅडमध्ये हल्ली साधा स्पंज नसतो. एक मऊ, जरा जड पदार्थ असतो, तो हळू दाबला तर हव्या त्या आकारात वळतो आणि जोरात आपटला तर त्या क्षणापुरता कडक होतो. कॉर्नफ्लोअर पाण्यात घट्ट कालवून त्यात बोट हळू घातलं तर आत जातं आणि बुक्की मारली तर थांबतं, तसंच हे. रेणूंच्या साखळ्या सावकाश एकमेकांवरून सरकतात, झटका बसला की अडकतात. ब्रिटनमध्ये रिचर्ड पामर यांनी 1999 साली सुरू केलेलं डी3ओ हे यातलं प्रसिद्ध नाव. स्वीडनच्या पीओसीचं व्हीपीडी हे दुसरं. अशा गादीची मजा म्हणजे अंगाच्या उबेने ती आणखी मऊ होते आणि गुडघ्याला बिलगते. दुकानाच्या एसीत कडक वाटलेलं पॅड दहा मिनिटांनी वेगळंच वाटतं, म्हणून घातल्या घातल्या निकाल देऊ नये.

याच गुणाची दुसरी बाजूही आहे. उन्हाने तापली की ही गादी प्रमाणाबाहेर मऊ पडू शकते आणि थंडीत ताठरते. मनालीकडे सायकल चालवून आलेली आमच्या गटातली एक जण सांगते, सकाळी पॅड जॅकेटच्या आत धरून गरम केल्याशिवाय घालता येत नसे. आपल्याला थंडीची चिंता नाही, उन्हाची आहे. म्हणून मी लेबल वाचते. तिथे मोटरसायकलवाल्याचं छोटं चित्र आणि ईएन 1621-1 असा आकडा असतो. हे मानक मुळात मोटरसायकलसाठीच्या हातापायांच्या पॅडचं, पण सायकलची पॅडही त्यावर तपासून घेतात. चाचणी अशी: पाच किलोचं वजन 50 जूल ऊर्जेने, म्हणजे साधारण मीटरभर उंचीवरून, पॅडवर सोडायचं आणि खाली किती बल पोहोचतं ते मोजायचं. सरासरी 35 किलोन्यूटनच्या आत राहिली तर लेव्हल 1, 20 च्या आत राहिली तर लेव्हल 2. चित्राजवळ ‘के’ असेल तर गुडघा, ‘ई’ असेल तर कोपर. आणि ‘टी’पुढे अधिकचं चिन्ह असेल तर तीच चाचणी 40 अंश तापमानाला ठेवूनही पार केलेली. ही उष्णतेची चाचणी सक्तीची नाही, कंपनीच्या मर्जीची आहे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाने मात्र ते अधिकचं चिन्ह जरूर शोधावं.

लेव्हल 2 ऐकायला चांगलं वाटतं. पण बहुतेक वेळा ती जास्तीची सुरक्षा जास्तीच्या जाडीतून येते, आणि जाडी म्हणजे उष्णता. आमच्या मुरमाच्या, बेताच्या वेगाच्या पडण्याला लेव्हल 1 चं पातळ, ओढून चढवायचं पॅड पुरतं असा माझा अनुभव आहे. फक्त एक अट: बाहेरच्या बाजूलाही गादी हवी. पुष्कळ पातळ पॅडमध्ये गादी फक्त वाटीवर असते आणि बाजूला नुसतं कापड. आपण मात्र पडतो ते बाजूवर. जे खरोखर वेगाने उतरतात, दगडांच्या पायऱ्यांवरून उड्या घेतात, त्यांनी जाड पॅडच घ्यावं आणि चढताना बॅगेत टाकावं. त्यासाठी झिपचं किंवा पट्ट्यांनी पूर्ण उघडणारं पॅड लागतं, नाहीतर टेकडीच्या माथ्यावर बूट काढून, एका पायावर नाचत ते चढवावं लागतं आणि फिरायला आलेले आजोबा विचारतात, “काय हो, लढाईला निघालात का?”

मापाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथे बायकांची जास्त अडचण होते. पॅडला एस, एम, एल एवढीच मापं असतात आणि ती बऱ्याचदा पुरुषांच्या पायावरून बेतलेली. कंपनीच्या तक्त्यात मांडीचा आणि पोटरीचा घेर दिलेला असतो, पण तो गुडघ्याच्या वाटीपासून किती वर आणि किती खाली मोजायचा हे प्रत्येकीचं निराळं; कोणी 10 सेंटिमीटर म्हणतं, कोणी 15. त्या पाच सेंटिमीटरमध्ये मांडीचा घेर चांगलाच बदलतो. मी खुर्चीवर बसले, वाटीच्या मधोमध पेनाने खूण केली, नवऱ्याने शिवणाच्या टेपने वर-खाली मापं घेतली आणि कागदावर दोन्ही अंतरांची लिहून ठेवली. “उजवी पोटरी डावीपेक्षा मोठी आहे तुझी,” ही नवी माहिती त्यातून मिळाली. मांडीचं माप एलमध्ये आणि पोटरीचं एममध्ये. अशा वेळी काय करायचं?

मी पोटरीच्या बाजूने निर्णय घेते. पॅड खाली घसरतं ते पोटरीवर पकड नसली की. मांडीकडची कड थोडी घट्ट झाली तर एक-दोन आठवड्यांत कापड सैलावतं, किंवा वर पट्टा असेल तर तो ढिला करता येतो. पोटरीकडे सैल असलेलं पॅड मात्र कधीच घट्ट होत नाही. उलट ज्यांची पोटरी भरदार आणि मांडी बारीक आहे, आमच्या गटातले धावपटू तसे आहेत, त्यांनी वरचा पट्टा असलेलं पॅड शोधावं. काही कंपन्या आता बायकांसाठी वेगळी मापं काढतात. मिळाली तर आधी तीच घालून बघावीत.

पण तक्ता काही झालं तरी तक्ताच. मला योग्य पॅड मिळालं ते गटातल्या अदलाबदलीतून. एका रविवारी आम्ही ठरवलं की ज्याच्या घरी जी पॅड पडून आहेत ती सगळी घेऊन यायची. टेकडीच्या पायथ्याशी चटई टाकून अक्षरशः बाजार मांडला. प्रत्येकाने दुसऱ्याचं एक पॅड घालून अर्धा चढ चढायचा आणि परत यायचं. दुसऱ्याच्या घामाचं पॅड घालणं हे काही सुखाचं नाही हे मान्य. आम्ही आत पातळ मोजे कापून घातले होते. पण दुकानातल्या वीस फेऱ्यांत कळलं नसतं ते त्या सकाळी कळलं. एका मुलाला जे पॅड असह्य होत होतं ते माझ्या पायावर बसवून केल्यासारखं बसलं. तो म्हणाला, “काकू, घेऊनच टाका तुम्ही.” मी घेतलं, निम्म्या किमतीला. माझी एक जोडी दुसरीकडे गेली. काचणारी पॅड निरुपयोगी नसतात, ती चुकीच्या पायात असतात.

त्यानंतरची एक पडझड सांगते, कारण तिथे एक गोष्ट कळली जी घालून बघताना कळत नाही. पावसाळा संपत आला होता, पायवाटेवरचं शेवाळ वाळून वर धूळ बसली होती. वळणावर सायकल डावीकडे गेली आणि मी गुडघ्यावर घसरत दोन हात पुढे गेले. पॅडचं कापड फाटलं, गादीवर एक ओरखडा, आत गुडघा धड. पॅड जागेवरून फिरलं नव्हतं, हे महत्त्वाचं. आमच्यातल्याच एकाचं पॅड असं घसरताना फिरून आतल्या बाजूला गेलं होतं आणि गादी असून गुडघा सोलला होता. म्हणून आता मी घालून बघताना आणखी एक करते: पाय काटकोनात ठेवून तळहाताने पॅड बाहेरून आत जोर लावून फिरवायचं. वाटीवरून हललं तर ते माझ्या मापाचं नाही, मग कितीही मऊ असो. आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्या कापडावर नीट पकडत नाहीत, म्हणून पॅड लेगिंगवरून न घालता थेट कातडीवर घालावं. ज्यांच्या पायांवर केस आहेत त्यांना सुरुवातीला ते ओढले जातात. त्याला इलाज नाही.

आता कोपरं. इथे माझं मत आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना पटत नाही. गुडघ्याची पॅड मी नेहमी घालते, कोपराची ठरावीक वेळीच. कोपराचं पॅड आरामशीर करणं हे मुळातच अवघड काम आहे. हात दंडाकडून मनगटाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे पॅड खाली सरकायलाच बघतं. ते सरकू नये म्हणून पट्टा आवळावा, तर उतारावर ब्रेक धरून धरून कोपराखालचे स्नायू फुगतात आणि पट्टा फाशी बसल्यासारखा लागतो. शिवाय कोपराच्या आतल्या अंगाला, हाडाच्या खोबणीतून, करंगळीकडे जाणारी नस अगदी कातडीखालून जाते. कोपर टेबलाच्या कडेला आपटल्यावर झिणझिण्या येतात ती हीच. पॅडची कड तिथे दाबली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. बधिर बोटांनी ब्रेक धरणं हे उघड्या कोपरापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

म्हणून कोपराचं पॅड निवडताना मी गुडघ्याचे काही नियम उलटे करते. पट्ट्याचं नको, ओढून चढवायचं पातळ बाहीसारखं हवं. आवळणारं नको, लांब हवं, म्हणजे पकड एका पट्टीवर न राहता पूर्ण बाहीवर विभागली जाते. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या. घालून बघायचं ते दुकानातल्या सायकलच्या हँडलवर हात ठेवून, मुठी ब्रेकवर घट्ट आवळून, मिनिटभर तसंच थांबून. बोटांना मुंग्या आल्या तर ते पॅड खाली ठेवा. मी ते घालते ते नवीन पायवाटेवर, दगडाळ उतारावर किंवा पावसानंतर कातळ निसरडा असताना. मुलांना मात्र गुडघ्याइतकंच कोपराचं पॅडही नेहमी घालायला लावावं. ती पडताना हात पुढे टाकतात.

घाम आणि धुणं याबद्दल थोडं. आमच्याकडे टेकडीवर जाण्यापूर्वी पायांना खोबरेल तेल लावणारे आहेत, सनस्क्रीन लावणारेही आहेत. सिलिकॉनच्या पट्टीला दोन्ही सारखेच वाईट. ती तेलकट झाली की पकड सोडते आणि लोक समजतात पॅड सैल झालं. अशा वेळी ओल्या फडक्याला साबण लावून पट्टी पुसली की पुन्हा धरते. धुताना गादी निघत असेल तर काढून ठेवावी, वेल्क्रो बंद करावं म्हणजे कापड ओरबाडत नाही, गार पाण्यात हाताने धुवावं, सावलीत वाळवावं. ओलं पॅड बॅगेत ठेवून आठवडाभर विसरलं तर त्या वासावर कोणताच साबण चालत नाही. आणि मे महिन्यात ते उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. गादी आणि तिला धरणारा डिंक दोन्ही बिघडतात. जोरात आपटल्यावर गादीला भेग दिसली, किंवा दाबल्यावर ती आधीसारखी फुगून येत नसली, तर पॅड बदलायचं. कापड फाटलं असेल तर नुसतं शिवून घेतलं तरी चालतं. माझं कोपऱ्यावरच्या चांभाराने शिवून दिलंय.

किमतीबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. परदेशी जोडीला काही हजार रुपये जातात आणि ते थोडे नाहीत. पैसे मर्यादित असतील तर ते गुडघ्यांवर घालवा, कोपरं नंतर बघता येतील. ऑनलाइन घ्यायचं असेल तर परत घेण्याची अट आधी वाचा आणि पॅड घरातच, ट्यूबलाइटखाली, जिन्यावर चढून-उतरून बघा. एकदा मुरूम लागला की ते कोणी परत घेत नाही. दुकानात जाणार असाल तर हाफ पँट घालून जा, घाई नसलेल्या वेळी जा, आणि दुकानदार तुम्हाला तिथे उकिडवं बसू देत नसेल तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.